उल्कावर्षाव, उपाहारगृहांची बक्षिसे आणि इंदूरचा सराफा

आकाशात घडणाऱ्या एखाद्या घटनेवर पैज लावून ग्राहकांना फुकट पदार्थ वा बक्षीस देऊ करणे हा उपाहारगृहांच्या जाहिरातीचा एक आगळा प्रकार आहे. कधी कोसळणारे अवकाशस्थानक, कधी ग्रहण, तर कधी उल्कावर्षाव अशा योजनेला निमित्त पुरवतो. ‘आज रात्री आकाशातून अमुक घडले, तर सर्वांना मेजवानी’ ही घोषणा ऐकायला मोहक वाटते. तिच्या मुळाशी मात्र संभाव्यतेचे गणित असते आणि ते बहुधा बक्षीस देणाऱ्यालाच ठाऊक असते. ग्राहकापर्यंत पोहोचते ती केवळ घोषणा.

असे गणित मांडून पाहण्यासाठी इंदूरच्या सराफ्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. तेथील खाद्यबाजार रात्रीच भरतो, तो उघड्या आकाशाखाली चालतो आणि उल्का पाहण्याच्या उत्तम वेळेपर्यंत तेथे माणसांची वर्दळ असते. शिवाय काही तरी वर जाते आणि खाली येते, या दृश्यावर लोक खेचून आणण्याची कला तेथे आधीपासूनच अवगत आहे.

दिवसा सोने, रात्री खाणे

सराफा ही इंदूरच्या जुन्या वस्तीतील, होळकरांच्या सात मजली राजवाड्यालगतची पेठ. दिवसभर तेथे सोन्याचांदीचे व्यवहार चालतात. संध्याकाळ उलटल्यावर पेढ्यांची दारे बंद होऊ लागतात आणि त्यांच्याच ओट्यांवर, पायऱ्यांपुढे कढया, तवे आणि परातींची मांडामांड सुरू होते. आठ-नऊच्या सुमारास बाजार रंगात येतो आणि मध्यरात्र उलटून दोन वाजेपर्यंत तो टिकतो. रात्रभर माणसे जागी राहिली तर बंद पेढ्या सुरक्षित राहतात, या विचाराने सराफांनीच खाद्यविक्रेत्यांना आसरा दिला, असे इंदुरात सांगितले जाते.

येथील पदार्थांची नावे मराठी माणसाला पूर्णपणे परकी वाटत नाहीत. ‘भुट्टे का कीस’मधला कीस हा आपल्या बटाट्याच्या किसाचाच भाऊबंद आहे. कोवळे मक्याचे कणीस किसून तुपावर परततात आणि दुधात शिजवतात. साबुदाण्याची खिचडी मात्र आपल्या ओळखीची असूनही वेगळी लागते. ती परतण्याऐवजी वाफेवर मोकळी केलेली असते आणि देताना तिच्यात फराळी चिवडा, मसाला व लिंबू घालून कालवतात. थंडीच्या दिवसांत गराडू येतो. हा कोनफळाच्या जातीचा कंद असून त्याचे तुकडे तळून वर जिरावण भुरभुरतात. खोपरा पॅटिस, मूगभजी, मालपुआ, रबडी, मावाबाटी आणि एकट्याने संपवणे कठीण जावे असा भलामोठा ‘जलेबा’ यांची गणती वेगळी. शिकंजी म्हणून जे पेय मिळते ते लिंबाचे सरबत नसून सुक्या मेव्याने दाट झालेले दुधाचे पेय असते, हे ठाऊक नसलेला पाहुणा पहिल्या घोटाला हमखास चकित होतो.

जाहिरातीच्या दृष्टीने सराफ्यातील सर्वात बोलके दृश्य जोशी दहीवडा हाउसचे. दह्यात बुडालेल्या वड्याचा द्रोण विक्रेता हवेत उंच भिरकावतो आणि दह्याचा थेंबही न सांडता पुन्हा हातात झेलतो. मग एकाच चिमटीत धरलेले मसाले तो एकामागून एक, वेगवेगळे भुरभुरतो. या खेळात बक्षीस नाही, सोडत नाही, पैजही नाही. वर गेलेला द्रोण खाली येणार हे सर्वांना माहीत असते. तरीही भोवती गर्दी जमते, कारण निकाल डोळ्यांसमोर लागतो आणि त्याच क्षणी लागतो. आकाशावर बेतलेल्या बक्षीसयोजनांशी तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

स्कायलॅब ते मीर

आकाशातून पडणाऱ्या वस्तूवर बक्षीस लावण्याचे गाजलेले आधुनिक उदाहरण उपाहारगृहाचे नसून वृत्तपत्राचे आहे. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेचे सुमारे ७७ टन वजनाचे स्कायलॅब हे अवकाशस्थानक पृथ्वीवर कोसळणार होते. भारतात तेव्हा मोठी घबराट पसरली होती आणि त्या दिवसांच्या आठवणी जुन्या पिढीतील अनेकांकडे आजही आहेत. तिकडे ‘सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर’ या दैनिकाने स्कायलॅबचा तुकडा ७२ तासांच्या आत कार्यालयात पहिल्याने आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलर जाहीर केले. तुकडे अमेरिकेत पडण्याची शक्यता फारशी नव्हती, त्यामुळे घोषणा स्वस्तात पार पडेल असा कयास असावा. ११ जुलै रोजी स्थानक कोसळले आणि त्याचे अवशेष पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरले. तेथील एस्पेरन्स गावच्या सतरा वर्षांच्या एका तरुणाला घराजवळ जळके तुकडे सापडले. ते घेऊन त्याने थेट विमान गाठले आणि मुदतीत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचून बक्षीस वसूल केले. दैनिकाने अटींत ‘कोण’ आणि ‘कुठून’ यांची मर्यादा घातली नव्हती. तरुणाने त्याचा योग्य तो अर्थ लावला. एस्पेरन्सच्या स्थानिक प्रशासनाने नासाला सार्वजनिक ठिकाणी कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड ठोठावला, हेही त्या प्रकरणाचे एक गमतीदार शेपूट.

बावीस वर्षांनी उपाहारगृहांनी हीच कल्पना उचलली आणि या वेळी अटी फार सावधपणे लिहिल्या. रशियाचे मीर हे अवकाशस्थानक २० फेब्रुवारी १९८६ रोजी अवकाशात गेले होते. १५ वर्षांच्या सेवेनंतर ते नियंत्रित रीतीने दक्षिण प्रशांत महासागरात पाडण्याचे ठरले. त्या निमित्ताने टॅको बेल या अमेरिकी उपाहारगृह-साखळीने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याबाहेरच्या समुद्रात ४० फूट लांब व ४० फूट रुंद असे एक तरंगते लक्ष्य सोडले. त्यावर नेमबाजीच्या फळीसारखे वर्तुळ रंगवलेले होते आणि फुकट टॅकोची घोषणा लिहिलेली होती. मीरच्या मुख्य भागाचा तुकडा या लक्ष्यावर पडला, तर अमेरिकेतील प्रत्येक रहिवाशाला एक टॅको मोफत, अशी योजना होती. तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या २८ कोटींहून अधिक होती. न जाणो पडलाच तुकडा, तर दिवाळे निघू नये म्हणून कंपनीने विमाही उतरवला होता. २३ मार्च २००१ रोजी मीर कोसळले. फिजीच्या किनाऱ्यावरून त्याचे जळते तुकडे प्रकाशरेषांसारखे सरकताना दिसले, अगदी एखाद्या संथ उल्कावर्षावासारखे. लक्ष्याला काही लागले नाही. (योगायोग असा की, त्याच २००१ मध्ये इंदूर शहर विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमान होते.)

आता गणित. मीरचे उरलेले सुमारे दीड हजार तुकडे साधारण १५०० किलोमीटर लांब आणि १०० किलोमीटर रुंद पट्ट्यात पडतील, असा तेव्हाचा अंदाज होता. हा पट्टा दीड लाख चौरस किलोमीटरचा होतो. लक्ष्याचे क्षेत्रफळ होते जेमतेम १५० चौरस मीटर. म्हणजे लक्ष्य त्या पट्ट्याच्या आत ठेवले असते, तरीही एखादा विशिष्ट तुकडा त्यावर पडण्याची शक्यता शंभर कोटींत एक, आणि दीड हजारांपैकी कोणताही तुकडा पडण्याची शक्यता सुमारे पावणेसात लाखांत एक भरते. प्रत्यक्षात मीर ऑस्ट्रेलियापासून फार दूर, पूर्वेला कोसळले. लक्ष्य त्या पट्ट्यात नव्हतेच. जगभरच्या वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर मात्र त्या तरंगत्या फळीची छायाचित्रे झळकली. कंपनीला हवे होते ते मिळाले होते.

याच साखळीने २००७ पासून बेसबॉलच्या अंतिम मालिकेवर बेतलेली वेगळी योजना चालवली. सामन्यात कोणत्याही खेळाडूने एक ‘बेस’ चोरून पार केला, की सर्वांना टॅको मोफत. ही घटना दुर्मीळ नाही. पहिल्याच वर्षी ती घडली आणि टॅको वाटावे लागले. दोन्ही योजनांची भाषा सारखीच उत्साही होती. एकीत जिंकणे जवळपास अशक्य होते आणि दुसरीत जवळपास निश्चित. घोषणेच्या शब्दांवरून ग्राहकाला हे कळण्याचा मार्ग नव्हता.

उल्का मोजायच्या कशा?

उल्कावर्षावावर बक्षीस लावायचे झाल्यास पहिली अडचण खगोलशास्त्राचीच आहे. वर्षावातील उल्का म्हणजे धूमकेतूने किंवा क्वचित लघुग्रहाने आपल्या कक्षेत मागे सोडलेली धूळ. तिचे कण बहुतांशी वाळूच्या खड्याएवढे असतात. पृथ्वी त्या धुळीतून जाते तेव्हा हे कण वातावरणात शिरतात आणि जमिनीपासून साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवरच जळून संपतात. वर्षावातील कण दगड म्हणून जमिनीवर पोहोचत नाहीत. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर घडवणारा आघात ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. म्हणून ‘वर्षावाच्या रात्री आमच्या अंगणात उल्का पडली तर बक्षीस’ अशी घोषणा झाल्यास ती मीरच्या लक्ष्यापेक्षाही पोकळ ठरेल. तेथे निदान तुकडे तरी खाली येणार होते.

दुसरा पर्याय उल्का मोजण्याचा. अमुक तासात इतक्या उल्का दिसल्या तर रबडी मोफत, किंवा अचूक संख्या सांगणाऱ्याला बक्षीस. येथे वर्तमानपत्रांत येणारे आकडे दिशाभूल करतात. डिसेंबरच्या १३ आणि १४ तारखांदरम्यानच्या रात्री मिथुन राशीतून होणारा वर्षाव वर्षातील सर्वात भरवशाचा मानला जातो. त्याचा उगम १९८३ मध्ये शोधल्या गेलेल्या फेथॉन या लघुग्रहात आहे. ताशी १५० उल्का असा त्याचा आकडा दिला जातो. पण हा आकडा आदर्श स्थितीचा असतो. उल्का जेथून येतात असे भासते तो बिंदू थेट डोक्यावर हवा, आकाश निरभ्र व संपूर्ण उघडे हवे आणि डोळ्यांना ६.५ प्रतीपर्यंतचे अंधूक तारे दिसायला हवेत.

सराफ्यात हे गणित लावून पाहू. दिव्यांच्या झगमगाटात आणि कढयांच्या वाफेत तेथून तिसऱ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसले तरी पुष्कळ. या वर्षावात एकेका प्रतीने अंधूक जावे तसतशी उल्कांची संख्या सुमारे २.६ पट वाढते. उलट बाजूने पाहिले, तर साडेतीन प्रतींचे आकाश गमावल्यावर दिसणाऱ्या उल्का साधारण अठ्ठावीसपट कमी होतात. १५० चे पाच-सहा उरतात. त्यातही दोन्ही बाजूंच्या जुन्या इमारतींमधून आकाशाची एक चिंचोळी पट्टीच दिसते. तेव्हा ताशी एखादी उल्का दिसली तर दिसली, आणि तीही मान वर करून उभे राहणाऱ्याला. हातात गरम गराडू असताना ते कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

वेळेचा मेळ मात्र विलक्षण जमतो. इंदूर सुमारे २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मिथुनेतील तो बिंदू, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राच्या ताऱ्यांपैकी कॅस्टरजवळची जागा, डिसेंबरच्या मध्यास तेथे रात्री दोन-अडीचच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येते. सराफ्यातील शेवटच्या कढया उतरतात त्याच सुमारास वर्षाव भरात येतो. दिवे मालवल्यावर पंधरा-वीस मिनिटे डोळे अंधाराला सरावू दिले, तर त्या चिंचोळ्या पट्टीतूनही एरवीपेक्षा अधिक उल्का दिसू शकतील.

इतर वर्षाव या बाबतीत तितके अनुकूल नाहीत. ऑगस्टच्या १२-१३ तारखांना ययाती तारकासमूहातून होणारा वर्षाव युरोप-अमेरिकेत लोकप्रिय आहे. १३३ वर्षांनी येणारा आणि १९९२ मध्ये शेवटचा येऊन गेलेला स्विफ्ट-टटल हा धूमकेतू त्याचा जनक. माळव्यात काय किंवा कोकण-गोव्यात काय, त्या दिवसांत आकाश ढगांनी भरलेले असते. नोव्हेंबरमधील सिंह राशीतील वर्षाव एरवी क्षीण असतो, पण टेंपल-टटल धूमकेतूच्या सुमारे ३३ वर्षांच्या फेऱ्यांमुळे तो अधूनमधून प्रचंड होतो. १८३३ आणि १९६६ ची वादळे त्याचीच होती. तिकडच्या एखाद्या योजनेची नक्कल येथे करणाऱ्याने आधी पंचांग आणि पर्जन्यमान पाहावे हे बरे.

कायदा काय म्हणतो?

पैजेचा करार रद्दबातल असतो, असे भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ३० सांगते. हरणाऱ्याने पैसे दिले नाहीत तर जिंकणाऱ्याला ते न्यायालयातून वसूल करता येत नाहीत. ग्राहकासाठी अधिक महत्त्वाचा आहे तो ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. त्याच्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथे’ची व्याख्या आहे. देण्याचा हेतू नसताना भेट वा बक्षीस जाहीर करणे तिच्यात येते. मोफत म्हणून दिलेल्या वस्तूची किंमत मूळ व्यवहारात वसूल करणे हेही येते. विक्री वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, सोडत, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ हेदेखील, नियमांनी विहित केलेले अपवाद वगळता, या व्याख्येच्या कक्षेत येतात. आणि योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल सहभागी ग्राहकांपासून दडवणे हाही त्याच प्रथेचा भाग मानला आहे.

शेवटचा मुद्दा आकाशीय योजनांना नेमका लागू पडतो. स्थानिक उपाहारगृहांच्या फलकांवर बक्षीस ठळक असते, निकाल कोण आणि कधी सांगणार हे नसते. उल्का कोणी मोजल्या, कोठून मोजल्या, ढग आले तर काय, बरोबरी झाली तर काय, याचा उल्लेख फलकावर नसेल तर ती स्पर्धा म्हणण्याच्या योग्यतेची नाही. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना १९८८ पासून निरीक्षकांच्या नोंदी एका ठरावीक पद्धतीने गोळा करते. निरीक्षणाची वेळ, आकाशाचा काळोख, ढगांचे प्रमाण यांची नोंद असल्याखेरीज नुसत्या संख्येला ती अर्थ देत नाही. स्पर्धा घेणाऱ्यांना हा दंडक घेता येण्याजोगा आहे. फसवणूक झाल्यास ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची.

गर्दीचा प्रश्न

सराफ्यात अशा योजनेला आणखी एक अडसर आहे आणि तो कायद्याहून निकडीचा आहे. गल्ल्या अरुंद आहेत, इमारती जुन्या आहेत आणि ठेल्यांवर गॅसचे सिलिंडर असतात. ठेले वाढत गेल्याने अलीकडच्या काळात सराफ व्यापाऱ्यांनीच या बाजाराविरुद्ध तक्रारी मांडल्या. आग लागल्यास बाहेर पडणे अवघड होईल आणि परंपरेशी संबंध नसलेले पदार्थ विकणारे ठेले वाढत आहेत, असे त्यांचे म्हणणे. पारंपरिक इंदुरी पदार्थांचे मोजके ठेलेच राहावेत, हा आग्रह त्यातून पुढे आला. ज्यांच्या पेढ्यांच्या रक्षणासाठी हा बाजार वसला असे सांगतात, त्यांनाच तो आता जोखमीचा वाटू लागला आहे. बाजार तेथेच राहावा की हलवावा, यावर शहरात वाद झाला आणि त्यात शेकडो कुटुंबांची रोजची कमाई गुंतलेली आहे.

या परिस्थितीत एका रात्रीत हजारो अधिक माणसे ओढणारी बक्षीसयोजना कोणत्याही विक्रेत्याच्या हिताची नाही. दुर्घटना घडली तर बक्षीस राहील बाजूला आणि बाजारच बंद पडेल. दहीवड्याच्या उड्डाणाभोवती जमणारे लोक येतात, पाहतात, खातात आणि पुढे सरकतात. एका ठरलेल्या क्षणाची वाट पाहत सारी गल्ली खोळंबून राहत नाही.

गोव्यातील डिसेंबर

गोव्याला यातून घेण्यासारखे बरेच आहे. मिथुनेतील वर्षावाचा काळ पर्यटन हंगामाच्या ऐन मध्यात येतो, किनाऱ्यांवरील शॅक सुरू असतात आणि पावसाळा कधीच सरलेला असतो. १५.५ अंश अक्षांशावर तो बिंदू पहाटे अडीचच्या सुमारास क्षितिजापासून सुमारे ७३ अंश उंचीवर येतो. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतील काळोखी जागांवरून ताशी चाळीस-पन्नास उल्का मोजता येणे अशक्य नाही. चंद्र मोठा असेल तर मात्र ही संख्या झपाट्याने घटते. दिवे व संगीत चालू ठेवणाऱ्या किनाऱ्यावर सराफ्याचेच गणित लागू होईल.

पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी ही संस्था आहे. एखाद्या उपाहारगृहाला उल्कावर्षावाची रात्र साजरी करायचीच असेल, तर मोजणीसाठी अशा जाणकारांचे साहाय्य घ्यावे. दिवे तासभर मालवावेत, मोजणीची वेळ व जागा आधी लिहून लावावी, ढग आल्यास काय होईल तेही लिहावे आणि निकाल दुसऱ्या दिवशी त्याच फलकावर चिकटवावा. २०२६ च्या डिसेंबरमध्ये अमावास्या ९ तारखेच्या आसपास आहे, त्यामुळे १३ आणि १४ तारखांच्या रात्री चंद्रकोर लवकर मावळेल आणि मध्यरात्रीनंतरचे आकाश काळोखे राहील.